घरात एकाला मानसिक आजार असेल तर बाकीच्यांनी घर कसं चालवायचं?

घोडबंदर_गायत्री | सोमवार, सकाळी ९:४०

औषध कोणतं, डॉक्टर कोण, यावर इथे आधी धागे निघाले आहेत. हा धागा घराबद्दल आहे. स्किझोफ्रेनिया असो, बायपोलर असो की वर्षानुवर्षं रेंगाळणारं नैराश्य, डॉक्टरांची भेट महिन्यातून पंधरा-वीस मिनिटांची असते. उरलेला महिना घरच निभावतं. आणि आपल्याकडचं घर म्हणजे बहुतेकदा वन बीएचके. कमावती माणसं सकाळची लोकल पकडून गेली की रात्री उगवतात, दिवसभर घरी शुभार्थी (म्हणजे ज्याला आजार आहे तो) आणि त्याची थकलेली आई किंवा निवृत्त वडील.

माझं मत असं की अशा घरात सगळं हळूहळू एकाच माणसाच्या अंगावर येतं आणि तिथूनच घर खचायला लागतं. गोळ्या देणं, लक्ष ठेवणं, समजावणं, डॉक्टरांशी बोलणं, पैसे आणि कागद, नातेवाइकांना उत्तरं देणं ही सहा वेगवेगळी कामं आहेत. ती एकानेच केली तर तो माणूस शुभार्थीला पहारेकरी वाटू लागतो.

तर विचारायचं आहे: कामं वाटायची कशी? बोलायचं कसं? कुठे हमखास बिघडतं? कोणाच्याही घरची गोष्ट नको. जे नेमकं माहीत आहे तेवढंच लिहा, ही विनंती.

नौपाडा_निनाद | सोमवार, सकाळी ११:०५

गायत्रीताई, "बोलायचं कसं" यापासून सुरुवात करतो, कारण याच्यावर सगळ्यात भक्कम संशोधन आहे.

लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की रुग्णालयातून सुटलेल्या काही शुभार्थींचा आजार घरी गेल्यावर लवकर उलटतो. मग त्यांनी घरातलं बोलणं मोजायला सुरुवात केली. तीन गोष्टी घातक निघाल्या: सततची टीका, मनातली अढी, आणि अतिकाळजी. तिसरी ऐकून लोक चमकतात. पण तीस वर्षांच्या मुलाच्या ताटात आई भात कालवून देते, तो बाथरूममध्ये गेला की दाराबाहेर उभी राहते, तेही त्यातच मोडतं. पुढे १९७६ मध्ये व्हॉन आणि लेफ यांनी दाखवलं की अशा घरात आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त वेळ समोरासमोर जात असेल तर आजार उलटण्याचं प्रमाण बरंच वाढतं. नियमित औषध आणि कमी सहवास या दोन्हींनी ते खाली येतं.

आपल्या दृष्टीने चांगली गोष्ट म्हणजे नंतर चंडीगडला हेच मोजलं तेव्हा तशी घरं लंडनपेक्षा कितीतरी कमी सापडली.

आणि हे ठळक करून सांगतो: घरच्यांच्या बोलण्यामुळे आजार *झाला* असं यातून निघत नाही. आजार झाल्यावर तो किती वेळा उलटतो यावर घरातल्या तापमानाचा परिणाम होतो, एवढंच. आईबापांना दोषी धरायला हे संशोधन वापरू नये.

प्रत्यक्षात काय करायचं? एका वेळी एकच गोष्ट सांगायची, छोट्या वाक्यात. मग थांबायचं. उत्तर यायला आठ-दहा सेकंद लागतात, तेवढ्यात आपण तीन सूचना आणखी देऊन मोकळे होतो. "चार दिवस झाले आंघोळ नाही, वास येतोय, लोक काय म्हणतील" याऐवजी "गीझर लावलाय, साडेदहापर्यंत पाणी गरम आहे." आणि झालेल्या कामाची दखल घ्यायची, ताट उचलून ठेवलं तरी.

ऐरोली_सुमेधा | सोमवार, दुपारी १:३०

निनादशी सहमत. त्यात एक जोडते. स्किझोफ्रेनियात भास आणि संशय औषधाने लवकर आटोक्यात येतात. मागे उरतं ते निरुत्साह, न बोलणं, भावना चेहऱ्यावर न उमटणं, दिवसभर पडून राहणं. याला नकारात्मक लक्षणं म्हणतात आणि औषधांचा त्यावर फारसा जोर चालत नाही. घरातली निम्म्याहून अधिक टीका नेमकी याच लक्षणांवर होते, कारण ती आळसासारखी दिसतात. "आता बरा झालायस ना, मग उठ की" हे वाक्य इथूनच येतं.

यावर उपाय म्हणजे अगदी लहान, ठरलेलं, रोजचं काम. दूध आणणं, कुंड्यांना पाणी, आजीला पेपर वाचून दाखवणं. दोन आठवडे एकच. ते अंगवळणी पडल्यावर दुसरं. पहिल्याच आठवड्यात "सकाळी सहाला उठ, योगा कर, कॉम्प्युटर क्लास लाव" असं सगळं एकदम टाकलं की तिसऱ्या दिवशी सगळंच बंद पडतं.

खाडीपूल | सोमवार, दुपारी २:१२

३५ तासांत एकत्र बसून क्रिकेट बघितलेलं धरायचं का? मग आयपीएलच्या दोन महिन्यांत सगळ्याच घरांचं कठीण आहे :)

नौपाडा_निनाद | सोमवार, दुपारी २:४०

प्रश्न चांगला आहे. शेजारी बसून मॅच बघणं त्रासाचं नसतं, कारण दोघांचं लक्ष तिसरीकडे असतं आणि एकमेकांवर शेरे मारायला फुरसत नसते. लहान घरात ३५ तासांचा हिशोब पाळणं शक्यच नाही. म्हणून तास मोजण्यापेक्षा दोघांनाही सुटका मिळेल अशी वेळ ठरवा. दुपारी दोन ते पाच शुभंकराने (काळजी घेणाऱ्याने) देऊळ, वाचनालय, तलावपाळीची फेरी काहीही करावं, पण घराबाहेर असावं. शुभार्थीला डे-केअरला किंवा पुनर्वसन केंद्रात पाठवता आलं तर त्याहून उत्तम.

पाचपाखाडी_फार्मसी | सोमवार, रात्री ९:५५

गोळ्यांबद्दल लिहितो. घरात गोंधळ होतो तो बहुतेक साठवण आणि मोजणी यांचा.

सात दिवसांची, सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेली डबी घ्या. रविवारी भरा. भरणारा एक आणि रोज देणारा दुसरा असला की चूक पकडली जाते. पुढे शुभार्थीने स्वतः भरावी आणि दुसऱ्याने नुसतं बघावं, हे ध्येय. स्ट्रिपमध्ये कधी १० गोळ्या असतात, कधी १५, त्यामुळे "तीन स्ट्रिप म्हणजे महिना" हा हिशोब फसतो. गोळ्या मोजून घ्या. घरात किमान पंधरा दिवसांचा साठा जास्तीचा असावा. जुलैत दोन दिवस पाणी तुंबलं आणि नेमकी तेव्हाच गोळी संपली असं होऊ नये. मात्र हा साठा कुलपात. आत्महत्येचे विचार येऊन गेले असतील तर डबीत सातऐवजी दोन-तीन दिवसांच्याच गोळ्या ठेवा. लिथियम (बायपोलरवरचं औषध), तसंच अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या नैराश्यविरोधी गोळ्या एकदम घेतल्या तर जिवावर बेतते.

एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका. एसआर, सीआर, ईआर लिहिलेली (शरीरात हळूहळू विरघळणारी) गोळी कुटून किंवा अर्धी मोडून द्यायची नाही, आधी विचारा. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलामसारख्या गोळ्या आम्ही चिठ्ठीशिवाय देऊ शकत नाही, नोंद ठेवावी लागते. त्यावरून काउंटरवर वाद घालण्यापेक्षा चिठ्ठीची तारीख संपण्याआधी डॉक्टरांची वेळ घ्या.

आणि "बरं वाटतंय म्हणून बंद केली" हे सगळ्यात जास्त दिसतं. गोळी बंद केल्याच्या दुसऱ्याच दिवशी काही होत नाही, म्हणून लोकांना वाटतं की गरजच नव्हती. आजार काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उलटतो, तोवर त्याचा गोळीशी संबंध कोणी लावत नाही. नैराश्याच्या गोळ्यांचं सुरुवातीला उलटं होतं. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि घरचे दहाव्या दिवशीच "काही उपयोग नाही" म्हणून सोडून देतात.

मुलुंडचेक_विद्या | मंगळवार, सकाळी ८:२०

लिथियमचा विषय निघालाच आहे तर. याची मात्रा गोळ्यांवरून कळत नाही, रक्तातल्या पातळीवरून कळते. दीर्घकाळाच्या उपचारात ती साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटरच्या दरम्यान ठेवतात, १.५ च्या वर विषबाधा सुरू होऊ शकते. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला लॅबमध्ये, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर. पुष्कळ जण गोळी घेऊन मगच लॅबला जातात, आकडा वाढलेला येतो आणि डोस उगाच कमी होतो. पातळी स्थिर असली तरी क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि टीएसएच (थायरॉईडसाठी) दर सहा महिन्यांनी तपासतात.

ठाण्याच्या मे महिन्यात, घामाने अंग निथळत असताना, पाणी आणि मीठ कमी पडलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि पातळी चढते. निर्जळी उपास, जुलाब, ताप यांतही तेच. अंगदुखीवर घरात पडलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक देऊ नका. रक्तदाबासाठी मिठाचं प्रमाण एकदम कमी करू नका, काही लघवीच्या गोळ्याही पातळी वाढवतात. उलट्या, जुलाब, हातांची मोठी थरथर, बोलणं जड होणं, तोल जाणं यातलं काही दिसलं तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरची गोळी) असेल तर रक्तातल्या पांढऱ्या पेशींची तपासणी पहिले १८ आठवडे दर आठवड्याला असते, नंतर अंतर वाढवतात. ताप आणि घसा दुखणं याला या गोळीवर साधं समजायचं नाही, लगेच सीबीसी. सलग ४८ तासांपेक्षा जास्त काळ गोळी चुकली तर पूर्वीचा डोस आपल्या मनाने सुरू करू नये. पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढवावा लागतो. बद्धकोष्ठतेकडे दुर्लक्ष नको, या गोळीत ती गंभीर होऊ शकते. आणि सिगारेटचा धूर क्लोझापिनची पातळी घटवतो. रुग्णालयात सिगारेट बंद असते तेव्हा पातळी वाढते, घरी येऊन परत ओढायला लागलं की घसरते. सिगारेट सोडायची असेल तर आधी डॉक्टरांना सांगून.

ऐरोली_सुमेधा | मंगळवार, सकाळी १०:०२

विद्या, फार कामाचं लिहिलंत. दुष्परिणामांत एक घोटाळा नेहमी होतो. काही गोळ्यांनी पायांत विलक्षण अस्वस्थता येते, माणूस बसूच शकत नाही, हॉलमधून बाल्कनीत आणि बाल्कनीतून हॉलमध्ये फेऱ्या मारतो. याला अकॅथिजिया म्हणतात. घरचे डॉक्टरांना सांगतात "आजार वाढलाय". ते ऐकून डोस वाढला तर फेऱ्या आणखी वाढतात. म्हणून "वाढलाय" असं न म्हणता काय दिसतं ते सांगा: कधीपासून, कोणती गोळी बदलल्यावर, बसलं की पाय हलतात का, "आतून बेचैन वाटतं" असं तो स्वतः म्हणतो का.

ओलान्झापिनसारख्या गोळ्यांवर वजन आणि साखर वाढते. सुरू करतानाच वजन, कमरेचा घेर, उपाशीपोटीची साखर लिहून ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा. रिस्पेरिडोनवर मुलींची पाळी चुकू शकते. मुलगी ते वडिलांना सांगणार नाही, म्हणून विचारणारी बाई घरात कोणीतरी ठरलेली असावी. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला व्हॅलप्रोएट लिहिलं असेल तर पर्यायाबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा, गर्भाला त्याचा धोका मोठा आहे.

डोंबिवली_अप्पा | मंगळवार, दुपारी १२:३०

सगळं मान्य. पण जो म्हणतो "मला आजारच नाही" त्याला डबी दाखवून काय उपयोग? मग घरचे आमटीत, चहात मिसळून देतात. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. रात्रभर आरडाओरडा चालू असताना दुसरं काय करायचं ते सांगा.

नौपाडा_निनाद | मंगळवार, दुपारी १:१५

अप्पा, नावं ठेवत नाही. पण यात तीन ठिकाणी फसगत होते. एक, डोस निश्चित राहत नाही, आमटी अर्धी टाकली की गोळी अर्धी. दोन, दुष्परिणाम झाला तर त्याला तो विषप्रयोग वाटतो. तीन, कधी ना कधी उघडकीस येतं. ज्याच्या आजाराचा गाभाच "माझ्यावर कट चाललाय" हा आहे, त्याच्या संशयाला आपण पुरावा देतो. त्यानंतर घरचं अन्नच बंद होतं.

डोंबिवली_अप्पा | मंगळवार, दुपारी १:५०

पुढे काय होईल ते खरं. आज रात्रीचं काय?

ऐरोली_सुमेधा | मंगळवार, दुपारी ३:२५

दोघांचंही बरोबर आहे, म्हणून मधला रस्ता सांगते. "तुला आजार आहे" हे कबूल करून घ्यायची घाई सोडा. झोप लागत नाही, डोकं शांत होत नाही, ही तक्रार त्यालाही मान्य असते. तिच्यावर औषध घ्यायला लोक तयार होतात. "ते लोक माझ्या मागे आहेत" याला "खोटं आहे" म्हणू नका आणि "हो, आहेत" असंही नको. "मला ते दिसत नाहीत, पण तुला भीती वाटतेय हे कळतंय. मी इथेच आहे." एवढं पुरे.

गोळी गिळायला नको असेल तर रिस्पेरिडोन द्रवरूपात मिळतं, ओलान्झापिनच्या तोंडात विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात. दोन्ही त्याला सांगूनच द्यायची. लांब पल्ल्याची इंजेक्शनंही असतात, फ्लुफेनाझिन दोन ते चार आठवड्यांनी, पॅलिपेरिडोन महिन्याने. रोजची "घेतलीस का?" ही कटकट त्यामुळे संपते आणि घरातली निम्मी भांडणं तिथेच थांबतात. शुभार्थींनाही पुष्कळदा हेच सोयीचं वाटतं. फक्त कोणी विचारलेलं नसतं.

आणि आज रात्रीच जिवाला धोका असेल तर तो घरगुती उपायांचा विषय राहत नाही. तिथे कायदा काय म्हणतो ते कोणी वकील सांगतील का?

ठाणेकोर्ट_मीनाक्षी | मंगळवार, रात्री १०:४०

सांगते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. अंमल २०१८ पासून.

स्वतःहून दाखल होणं हा नेहमीचा मार्ग, कलम ८६. तो शक्य नसेल तर कलम ८९, म्हणजे आधार देऊन दाखल करणं. अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीने, म्हणजे शुभार्थीने आपल्या वतीने नेमलेल्या माणसाने, करायचा. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, अशा दोघांनी त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं. कारणं तीन: अलीकडे स्वतःला इजा करण्याची धमकी किंवा प्रयत्न, इतरांशी हिंसक वागणं, किंवा स्वतःची काळजी घेता न आल्याने जिवाला धोका. मुदत ३० दिवसांपर्यंत, पुढे लागलं तर कलम ९० आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची परवानगी. तातडीच्या वेळी कलम ९४ खाली कोणताही नोंदणीकृत डॉक्टर प्रतिनिधीच्या संमतीने ७२ तासांपर्यंत उपचार देऊ शकतो, घरीसुद्धा. या कलमाखाली शॉक ट्रीटमेंट मात्र देता येत नाही. एरवीही ती भूल दिल्याशिवाय देण्यास बंदी आहे.

म्हणून शांत काळात करायचं पहिलं काम: नामनिर्देशित प्रतिनिधी नेमणं. साध्या कागदावर, शुभार्थीच्या सहीने, स्टॅम्पपेपर लागत नाही. कोणाला नेमायचं ते तो ठरवतो, आणि तो वडिलांऐवजी बहिणीला नेमेल तर रागावू नका. आगाऊ निर्देशपत्रही लिहिता येतं: कोणते उपचार हवेत, कोणते नकोत.

अप्पा, आज रात्रीचं: टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. शस्त्र, आग, गच्ची असा प्रसंग असेल तर ११२. रुग्णवाहिकेला १०८. फोनवर "वेडा झालाय" म्हणू नका. "मानसिक आजार आहे, अमुक उपचार चालू आहेत, हातात सुरी आहे, घरात लहान मूल आहे" असं सांगा. शेवटची चिठ्ठी आणि आधारकार्डाची प्रत एका पाकिटात दाराजवळ तयार असू द्या. शुभार्थी घरातून निघून गेला तर चोवीस तास वाट बघायची असते हा गैरसमज आहे, लगेच पोलिसांत जा. भटकणाऱ्या मानसिक रुग्णाला संरक्षणात घेऊन रुग्णालयात नेणं हे कलम १०० खाली पोलिसांचं कर्तव्य आहे.

कळवा_संध्या | बुधवार, सकाळी ७:५०

माझ्याकडून फक्त पत्ते, कारण नवीन माणसाला कुठे जायचं तेच कळत नाही. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचं. तिथे दाखल व्हावंच लागतं असं नाही, बाह्यरुग्ण विभागात केस पेपर काढून औषधं मिळतात. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात आणि नेरुळच्या डी. वाय. पाटीलमध्ये मानसोपचार विभाग आहेत. नौपाड्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ). तिथे समुपदेशनाबरोबर शुभंकरांचे आधारगट चालतात. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था, रस्त्यावर भटकणाऱ्या रुग्णांना बरं करून घरी पोचवणारी. त्यांना २०१८ चा मॅगसेसे मिळाला.

वाशी_सेक्टर१७ | बुधवार, सकाळी ११:२०

सोसायटीला सांगावं का? शेजारी पोरांना खेळायला पाठवत नाहीत, म्हणून विचारतो.

खाडीपूल | बुधवार, सकाळी ११:४५

नाही. सभासदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नाही.

नौपाडा_निनाद | बुधवार, दुपारी १२:१०

सगळ्यांना नाही, पण दोघांना जरूर. समोरचं दार उघडणारं एक कुटुंब, ज्यांच्याकडे किल्लीची जोडी ठेवता येईल. आणि सेक्रेटरी. त्यांना आजाराचं नाव सांगायची गरज नाही. "तब्येत बिघडली तर या नंबरवर फोन करा, आधी गर्दी जमवू नका" इतकंच. शुभार्थीला विचारून सांगा. वॉचमनला "याला बाहेर सोडू नको" असं सांगून ठेवणं मात्र चूक आहे. ते त्याला कळतंच, आणि मोठ्या माणसाला त्याच्याच इमारतीत कैदी केल्यासारखं होतं.

घणसोली_पराग | बुधवार, रात्री ९:३०

बायपोलरवर कमी लिहिलं गेलंय, म्हणून.

झोप. उन्मादाची (मूड अती चढण्याच्या काळाची) पहिली खूण पुष्कळदा हीच असते: झोप कमी आणि तरीही थकवा नाही. महापे, ऐरोलीच्या पट्ट्यात रात्रपाळीच्या नोकऱ्या खूप आहेत. बायपोलर असलेल्याने आठवड्याला बदलणारी पाळी घेऊच नये, डॉक्टरांचं पत्र देऊन दिवसपाळी मागून घ्यावी. चांगल्या काळात त्याच्यासोबत बसून त्याच्या शब्दांत चार-पाच खुणा लिहून काढा: रात्री दोनला फोन करायला लागणं, भराभर बोलणं, नवा धंदा काढायच्या गोष्टी, चिडणं. सलग दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोप झाली की डॉक्टरांना फोन, हे आधीच ठरलेलं असावं. आणि हे त्याला *कोण* सांगणार तेही. पाच जणांनी एका दिवसात "तू जास्त बोलतोयस" म्हटलं तर भडका उडणारच. हसणं-गप्पा वाढल्या की लगेच "गोळी घेतलीस का" असंही करू नका, चांगल्या मूडमध्ये असण्याचा हक्क त्यालाही आहे.

पैसे. बँकेच्या अॅपमधून यूपीआयची मर्यादा कमी करता येते. क्रेडिट कार्डाची मर्यादा कमी करून घ्या. घराचे कागद लॉकरमध्ये, दोघांच्या सहीने उघडणाऱ्या. हे सगळं तो बरा असताना, त्याच्या संमतीने. उन्मादात कार्ड हिसकावून घेतलं तर मारामारी होते.

ठाणेकोर्ट_मीनाक्षी | गुरुवार, सकाळी ९:१५

पैशांचा विषय निघाला म्हणून कागदांचं सांगते, कारण इथे हुशार माणसंही चुकतात.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. यूडीआयडीसाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) तपासणी आयडियाज मापनावर होते: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि आकलन, काम या चार गोष्टींना ० ते ४ गुण, आणि आजार किती वर्षांचा त्याचे १ ते ४. एकूण ७ किंवा जास्त म्हणजे ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व. घरचे तिथे अभिमानाने "सगळं स्वतः करतो" म्हणतात आणि प्रमाणपत्र हुकतं. आठवण करून दिल्याशिवाय करतो का, ते सांगायचं. जुन्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून न्या.

नॅशनल ट्रस्ट आणि निरामय विमा यांच्यामागे स्किझोफ्रेनियाची कुटुंबं वर्षं घालवतात. तो कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठीच आहे. त्यातली पालकत्वाची सोय इथे लागू होत नाही.

आई किंवा वडील सरकारी नोकरीत असतील तर कमावू न शकणाऱ्या अपत्याला हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्याचं नाव आणि प्रमाणपत्र आईवडील हयात असतानाच कार्यालयात नोंदवा. मागाहून भावंडांना खेटे घालावे लागतात. मृत्युपत्रात फ्लॅट थेट शुभार्थीच्या नावे करण्याआधी खाजगी ट्रस्टचा विचार करा, दोन विश्वस्त आणि तिसरा पर्यायी. आरोग्य विम्यात मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरावा असं २०१७ च्या कायद्याचं कलम २१ सांगतं. पण तो बहुतेक दाखल झाल्यावरच कामाला येतो. ओपीडीचा खर्च खिशातूनच.

मुलुंडचेक_विद्या | गुरुवार, दुपारी १२:४५

मीनाक्षीताई, वाचनखूण साठवली.

घरातल्या लहान मुलांबद्दल कोणीच बोललेलं नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला "बाबांच्या मेंदूला आजार झालाय, त्यामुळे त्यांना नसलेले आवाज ऐकू येतात" हे कळतं. तीन गोष्टी मोठ्याने सांगाव्या लागतात: हे तुझ्यामुळे झालेलं नाही, तुझ्या हट्टामुळे वाढत नाही, आणि शिंकेसारखं तुला लागत नाही. आणि घरात गोंधळ झाला तर त्याने काय करायचं? समोरच्या काकूंकडे जायचं, एवढं ठरलेलं असू दे. गोळ्या द्यायचं काम मुलांवर टाकू नये. "बाबांवर लक्ष ठेव" हेही नाही.

डोंबिवली_अप्पा | गुरुवार, सायंकाळी ६:३०

इंजेक्शनचा पर्याय विचारायला हवा, पटलं. अवांतर: गावाकडून दबाव येतो, अमुक बुवाकडे न्या, तमुक देवाला नवस बोला. तिथे काय करायचं?

कळवा_संध्या | गुरुवार, रात्री ८:०५

देवाला जायचं तर जा, गोळ्यांची डबी सोबत घेऊन. श्रद्धेशी भांडत बसलं तर घर दोन तटांत वाटलं जातं आणि शुभार्थी मध्ये सापडतो. पण उपाशी ठेवणं, साखळीने बांधणं, मारहाण, धुरी हे सुरू झालं की तिथेच थांबवायचं. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. आणि "औषध बंद करा तरच गुण येईल" म्हणणाऱ्याकडे परत जायचं नाही.

घोडबंदर_गायत्री | शुक्रवार, सकाळी १०:३०

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येते. वरच्या प्रतिसादांवरून वाटणी अशी दिसते: डबी भरणारा एक, रोज विचारणारा दुसरा. डॉक्टरांकडे जाणारा ठरलेला. कागद आणि पैसे घराबाहेर राहणाऱ्या भावंडाकडे, कारण ते दुरून होतं. नातेवाइकांना उत्तरं एकाच तोंडून. आणि "खुणा दिसतायत" हे सांगणारा शुभार्थीने स्वतः निवडलेला. पण ज्या घरात दोनच माणसं आहेत, म्हातारी आई आणि मुलगा, तिथे?

ऐरोली_सुमेधा | शुक्रवार, दुपारी १२:००

तिथे सगळ्यात आधी रोजची गोळी हे काम आईकडून काढून घ्या. इंजेक्शन चालत असेल तर इंजेक्शन. नाहीतर रात्री आठला मामा किंवा मावशीचा व्हिडिओ कॉल, मुलगा त्यांच्यासमोर गोळी घेतो, दोन मिनिटं इकडचं-तिकडचं बोलतो. आईने मग नुसतं आई असावं. दुसरं, स्वयंपाक किंवा बाजार यातलं एक काम मुलाकडे. तो ते करू शकतो आणि आईचं वय पाहता त्याला ते यायलाच हवं. तिसरं, आईला काही झालं तर पहिले आठ दिवस कोण येणार ते नाव आजच ठरवा आणि मुलाला सांगा. ते माहीत नसणं ही त्याची मोठी भीती असते, बोलून दाखवत नसला तरी.

नौपाडा_निनाद | शुक्रवार, दुपारी १:३५

आणि वाटणीची बैठक शुभार्थीला सोबत घेऊन. तो झोपल्यावर स्वयंपाकघरात कुजबुजत नको. अर्ध्या तासापेक्षा जास्त लांबवू नका, पहिल्या बैठकीला एकच काम वाटा. महिन्याने पुन्हा बसून जमलं का बघा.

डॉक्टरांकडे जाणाऱ्याने दर वेळी एका पानावर लिहून न्यावं: झोपेचे तास, चुकलेल्या गोळ्या, वजन, नवीन काय दिसलं, आणि शुभार्थीचा स्वतःचा एक प्रश्न. तो प्रश्न सगळ्यात वर.

डोंबिवली_अप्पा | शुक्रवार, दुपारी २:२०

पान शुभार्थीला आधी दाखवायचं का?

नौपाडा_निनाद | शुक्रवार, दुपारी २:३१

हो, अप्पा. आदल्या रात्री. त्याला एखादी ओळ पटली नाही तर खोडू नका, खाली त्याचं म्हणणं त्याच्या अक्षरात लिहू द्या. डॉक्टरांना दोन्ही वाचायला मिळालेलं बरं.